‘उकडा’मधलं शेवटचं गाणं

हिमांशू तुरकर फुलचूरच्या ऑफिसात शिरला तेव्हा पाठीवर गिटार होती आणि चेहरा दहाव्याहून परतल्यासारखा. दुर्गेश्वरी पटले लग्नाआधीच्या चौकशा करून देत असे: मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं जमलं होतं का. रॉक बँड तिच्याकडे पहिल्यांदाच येत होता. तिचा दीर बकाराम स्कूटर चालवायचा आणि स्वतःला सहकारी म्हणवायचा. त्याला वाटलं, पोरगा वर्गणीला आलाय.

"आमच्या अल्बममधून आवाज गायब झाला, मॅडम."

बँडचं नाव ‘कोंडा’, अल्बमचं ‘उकडा’. ध्वनिमुद्रण गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बंद राईस मिलमध्ये. पत्र्यावर लोखंडी सब्बल घासून, पोत्यांवर काठ्या मारून केलेली गाणी. गोंदियात ती कोणी शेवटपर्यंत ऐकली नाहीत. एकानं तर मोबाइल बिघडला समजून दुरुस्तीला टाकला. शेवटच्या गाण्यात वाद्यं नव्हती, बँडची गायिका गुंजन एकटीच गायली होती. अल्बम बाहेर आला तेव्हा तिथं नुसती शांतता. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी नेमकी तीच डोक्यावर घेतली. ‘पोकळीच्या तळाशी ऐकू येणारी घरघर तर अपूर्व,’ असं एकानं लिहिलं.

"पाठवण्याआधी ऐकलं नाही?"

"आदल्या दुपारी ऐकलं होतं. सकाळी तसंच पाठवलं."

"अन् कौतुक झाल्यावर?"

हिमांशूनं मान खाली घातली. "मुलाखतीत म्हटलं, शांतता मुद्दाम ठेवली. आता गुंजन म्हणते, मीच तिला पुसलं. बँड सोडून चालली ती. मी नाही पुसलं, एवढं तिला कळू द्या."

मिलमध्ये रेकॉर्डिंगवाला विक्की भेटला. एरवी लग्नात डीजे वाजवायचा. दुर्गेश्वरीनं हेडफोन लावून ते गाणं पूर्ण ऐकलं. मग बकारामला दिले.

"काय ऐकू येते, भाऊजी?"

"काही नाही. मशीन धापा टाकून राहिली."

"मशीन नवी आहे ना काका," विक्की दुखावला.

"पुसायला किती वेळ लागतो?" तिनं विचारलं.

"एक बटन मॅडम. पण सच्ची बोलतो, मी कायले पुसू? गुंजनच्या आवाजानंच तर माझं नाव झालं असतं."

"त्या संध्याकाळी कुठं होता?"

"जेवायले गेलतो. मशीन चालूच होती. लाल बटन दाबलं का रेकॉर्ड सुरू, बस."

"आत कोण यायचं?"

"आम्ही तिघं. अन् डबा घेऊन गुंजनचे बाबा. बिचारे बसून बटनं पाहत राहतात."

हिमांशूला घेऊन ते गुंजनच्या घरी गेले. आई, अनुसयाबाई, आठवडी बाजारात गेल्या होत्या. वडील मनिरामनं चहा ठेवला. गुंजन हिमांशूकडे पाठ करून बसली.

"कोणतं गाणं होतं?" दुर्गेश्वरीनं विचारलं.

"आईची हेल. माझा भाऊ मुन्ना मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा अंगणात काढलेली. रडता रडता बायका शब्द जुळवतात ना, तशी. मी ऐकून पाठ केली होती."

बकाराम फळीवरचा जुना टेपरेकॉर्डर न्याहाळत होता. "काका, चालते का?"

"चालत होता. मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ व्हायचा, तो भरत होतो. कॅसेट एकच जी. दरसाली जुन्यावरच नवीन."

दुर्गेश्वरीनं कप खाली ठेवला.

"गुंजन, हिमांशूला पुसायचं असतं तर एक बटन दाबून झालं असतं. विक्कीचंही तेच. पण हा आवाज बटनानं गेलेला नाही. भाऊजींना धापा ऐकू आल्या, समीक्षकाला घरघर. मशीनला श्वास नसतो. कोणीतरी रेकॉर्ड सुरू करून गाण्याइतका वेळ माइकसमोर चूप बसलं होतं. पुसायची हीच रीत ज्याला ठाऊक, तोच असं करेल. जुन्यावर नवीन चढवायचं. चढवायला काही नसेल तर गप्प राहायचं."

मनिराम चुलीकडेच पाहत राहिला.

"बाबा?"

"तुझी माय आता कुठं दोन घास जेवून राहिली," तो म्हणाला. "बाजारात कोणाच्या मोबाइलवर वाजली असती तं? हेल एकडावच असते, बाई. पुन्हा काढली तं पोरगा पुन्हा मरते."

गुंजननं हिमांशूचा मोबाइल घेतला, हेडफोन लावले. बकारामला वाटलं, थोडं ऐकून काढेल. तिनं काढले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाली, "रडून राहिले तुम्ही."

मनिरामनं चहाचे कप गोळा केले.

"मुन्ना गेला तेव्हा तं नाही रडले."

"घरी कसा रडू? तुझ्या मायले कोण धरते मंग? मिलमध्ये कोणी नव्हतं."

हिमांशू हळूच म्हणाला, "विक्की म्हणतो, वरून नवीन चढवलं तरी मशीनमध्ये खालचं राहतं. तुझा आवाज वर काढता येतो."

"राहू दे." ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. "पण पुढच्या मुलाखतीत सांग, ती शांतता तुझी नाही म्हणून. अन् यापुढं पाठवायच्या आधी ऐकत जा."

फाटक वाजलं. अनुसयाबाई भाजीची थैली घेऊन आल्या. मनिराम तोंड धुवायला मागं गेला.

"सगळे असे चूप काऊन बसले जी?"

बकाराम उठला, त्यांच्या हातची थैली घेतली.

"गाणं ऐकून राहिलो, बाई," तो म्हणाला.