साथ नेमकी का थांबली

ऐक ना, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक.

एका हॉस्पिटलात, ऑपरेशन झालेल्यांच्या वॉर्डात, कुठल्याच अँटिबायोटिकला न जुमानणारा जंतू शिरला. एकामागून एक टाके पिकायला लागले. एक बाई तर गेलीच. मग वॉर्डच्या मोठ्या सिस्टरला घरी बसवलं आणि साथ थांबली. झालं. जो तो म्हणायला लागला, हिच्याच हातांनी पसरवली.

सिस्टर गेली घारमावशीकडे. मावशी खाजगी डिटेक्टिव्ह, नजर घारीची म्हणून हे नाव. सोबत तिचा नवरा, काका. देवमाणूस, पण ट्यूबलाइट.

"हात तपासले होते तुमचे?" मावशीनं विचारलं.

"सगळ्यांचेच, नव्या वॉर्डबॉयचेसुद्धा. माझेही स्वच्छ निघाले, पण ऐकतंय कोण? आज कमिटी बसतेय. नोकरी जाईल, परत कुठे नर्स म्हणून उभं करणार नाहीत. एक सर तेवढे म्हणाले, काळजी करू नकोस, मी आहे."

सर म्हणजे मोठे डॉक्टर. हिला त्यांनीच घडवलेलं. बोलताना तिचा चेहराच उजळला. "गुरूंनी दिलेला जुना स्टेथोस्कोप जिवापाड जपतात. कोरलेलं नाव झिजेल म्हणून कुणाला पुसूही देत नाहीत. आम्ही त्याला बाईसाहेबांची सवत म्हणतो."

"तो नवा वॉर्डबॉय. माझं ठरलं," काका म्हणाले.

"लग्नही असंच घाईत ठरवलं होतंत," मावशी म्हणाली.

सिस्टरला घेऊन दोघं हॉस्पिटलात गेले. वॉर्डबॉय भेटला. तो कामावर लागला तेव्हा निम्म्या वॉर्डाचे टाके पिकून झाले होते. काका हिरमुसले.

मधल्या खाटेवर एक खडूस आजोबा. डावीकडचा आजारी, उजवीकडचा आजारी, हे ठणठणीत.

"तुम्ही कसे वाचलात?"

"मी कुणाला अंगाला हात लावू देतो होय? ड्रेसिंग फक्त या सिस्टरकडून, हात हलका आहे तिचा. मोठे डॉक्टर आले की सांगायचो, छाती झकास आहे, पुढे व्हा."

मग सरांची केबिन. गळ्यात कोरा स्टेथोस्कोप, नळी इतकी ताठ की सारखी घसरत होती.

"नवा?" मावशीनं विचारलं.

"जुन्याची नळी तडकली. हिला घरी पाठवलं, त्याच सुमाराला."

"जुना दाखवता?"

सरांनी खणावर हात ठेवला. मावशीनंच टेबलाचा खण ओढला. आत सीलबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत स्टेथोस्कोप. नळी धडधाकट.

"आजोबांना सिस्टरचा हात लागला, तुमचा हा कधी न पुसलेला स्टेथोस्कोप नाही. म्हणजे जंतू तिच्या हातात नव्हता. साथ थांबली ती सिस्टर गेली म्हणून नाही, हा पिशवीत गेला म्हणून. आणि आठवण म्हणून ठेवलेली वस्तू कुणी सील करत नाही, डॉक्टर. तुम्हाला कळलं होतं."

"म्हणजे सिस्टर नाही?" काका म्हणाले.

कुणी हसलं नाही.

"मीच तपासून घेतला होता," सर पुटपुटले. "रिपोर्टात जंतू निघाला, आणि तेवढ्यात सगळे हिचं नाव घ्यायला लागले. मी फक्त अडवलं नाही."

"सर," सिस्टर म्हणाली, "मला वाटलं होतं, आज कमिटीसमोर तुम्ही माझ्या शेजारी बसाल."

शेजारच्या खोलीत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. कमिटी जमली होती.

"पोरी, एक दिवस दे. उद्या मी स्वतः सांगतो."

मावशीनं पिशवी सिस्टरच्या हातात दिली आणि काकांना घेऊन बाजूला झाली. हातात पिशवी, समोर दार, आणि मागे ज्यांनी पहिलं इंजेक्शन हात धरून शिकवलं ते सर.

तिच्या जागी तू असतीस, तर दिला असतास एक दिवस?