दोनदाबाईंचा टाका

दिवा राहू द्या, फक्त जरा मंद करा. गोष्ट खरी आहे, माझ्या मित्राची. तो सर्जन, मी त्याच्या पेशंटना भूल देणारा. तुम्ही पोरं आज ज्या थिएटरात उभी राहता ना, तिथलीच.

त्या शनिवारी रात्री साडेनऊला तो जिन्यासाठी बल्ब आणायला निघाला होता. घरातले बल्ब बदलणं हे बायकोचं काम. ती जाऊन चार महिने झाले होते आणि जिना अंधारातच होता. तीही सर्जन, दोघं एकाच टेबलाशी समोरासमोर उभी राहायची. सिस्टर मंडळी तिला माघारी ‘दोनदाबाई’ म्हणायची, कारण ती सगळं दोनदा बघायची, घराचं कुलूपही आणि पेशंटचं आतडंही. “एक भोक सापडलं की दुसरं शोधायचं,” डाव्या हाताने टाका घालता घालता ती म्हणायची, “संकट एकटं येत नाही.”

दुकानाच्या दारातच फोन आला. हॉस्पिटलमधून, दुपारी दाखल झालेल्या टेम्पोवाल्या पोराबद्दल. अपघातात स्टिअरिंग पोटावर आदळलं होतं. वर ना जखम, ना रक्त. स्कॅनमध्येही बोट ठेवावं असं काही नाही. पण मुका मार फसवा, म्हणून मित्र दर दोन तासांनी स्वतः पोट दाबून बघत होता. आता ते फळीसारखं कडक झालं होतं. एक्स-रेत पोटात मोकळी हवा दिसली, म्हणजे आतडं फुटलेलं. बाहेर बाकावर पोराची आई होती. “एकुलता एक आहे हो,” ती म्हणाली. मित्राने मान हलवली, हो म्हणून की कशी, ते त्यालाही कळलं नसावं.

बाराला पोट उघडलं. मदतीचा डॉक्टर रजेवर, त्यामुळे समोरची जागा रिकामी. भोक लगेच सापडलं. पोट धुतलं, भोक शिवलं. मग वीत-वीत आतडं हातातून सरकवत त्याने शेवटपर्यंत पाहिलं. एकदा. दुसऱ्यांदा पाहायला हवं होतं, पण तो थकला होता. थकला कसला, चार महिने आतून तुटलाच होता. “बंद करू या,” म्हणाला.

दिवे गेले.

बॅटरीचा दिवाही लागेना. मी अंधारात पोराला श्वास देत होतो, हाताने...

मित्राच्या हातातलं आतडं हललं.

समोरून कुणी ओढून घ्यावं तसं. हळू. एक वीत... आणखी एक... मग थांबलं.

“तू?” तो म्हणाला.

...

दिवे आले. समोर कुणी नव्हतं. आतड्यावर काळ्या रेशमाचा एक टाका होता, जागा हरवू नये म्हणून खुणेला घालतात तसा. गाठ डाव्या हाताची. सिस्टर म्हणाली, काळा दोरा मी काढलाच नव्हता. टाक्याशेजारी, चरबीच्या पदरात लपलेलं, दुसरं भोक.

पोर वाचलं. त्याची आई ढसाढसा रडली, आणि मित्रही रडला, बायको गेल्यापासून पहिल्यांदा.

त्यानंतर पोट बंद करण्याआधी तो दरवेळी क्षणभर दिवे मालवायला लावायचा. हात तसेच ठेवून उभा राहायचा. नवी पोरं गालात हसायची. इतक्या वर्षांत पुन्हा काही हललं नाही.

आणि जिन्याचा बल्ब त्याने कधीच आणला नाही. “ते तिचं काम आहे,” म्हणायचा आणि चाचपडत वर जायचा.

गेल्या हिवाळ्यात महिनाभर दवाखान्यात पडून तो गेला. शेवटचे कपडे आणायला त्याच रात्री मी त्याच्या घरी गेलो. किल्ली त्याने दाखल होतानाच माझ्याकडे दिली होती, दुसरी नव्हती. मी कुलूप काढलं, दार ढकललं...

जिन्यात दिवा जळत होता.