ज्याची बहीण असेल त्यानं उठावं

माझ्या हातची करवंटी घेताना तो खाली बघत होता, म्हणून मी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. एवढंच घडलं हो त्या शनिवारी. पुढचा सगळा घोळ आणि रात्रीची उडालेली झोप त्या एका बघण्यामुळे.

शाळेच्या छपरासाठी पैसे जमवायला चर्चच्या हॉलमध्ये कावा, म्हणजे मुळांची पूड काठवटीत पाण्यात कालवून करवंटीनं प्यायचं आमचं पेय, ठेवला होता आणि अकानेसी आत्यानं मला वाढायला बसवलं होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिच्यापुढे बाबांचं काही चालत नाही, मग माझी काय कथा! मी त्याच शाळेत दुसरीच्या मुलांना शिकवते. ताठ बस, फार हसू नकोस, कुणाच्या डोळ्यांत बघू नकोस, असं तिनं वाटेतच तीनदा बजावलं होतं.

मी काठवटीमागे बसणार तेवढ्यात नेहमीप्रमाणे गोलातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं विचारलं, हिचा भाऊ कोणी आहे का इथे? सख्खा, चुलत, मावस, कुणीही चालतो. असेल त्यानं उठायचं. कावा पिताना पुरुष प्रेमाची गाणी म्हणतात, वाढणारीची थट्टा करतात, आणि असलं काही बहीण-भावानं एका छपराखाली ऐकायचं नसतं. माझा एक मावसभाऊ चपला उचलून मुकाट निघून गेला. सख्खा भाऊ केलेपी मासेमारीच्या बोटीवर होता. तो एकदा गेला की दीड-दीड महिना दिसत नाही.

माझ्या शेजारी पाहुण्याला बसवलं होतं. हा सेमिसी, वावाऊ बेटावरचा. महिन्याभरापूर्वी आमच्या राजधानीत, नुकुआलोफात आला होता आणि त्याच्या काकाच्या होड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये राहत होता. सगळे गात होते आणि हा मात्र गप्प. त्याच्या गुडघ्याशी साबणाच्या वडीएवढं काळं यंत्र होतं.

"हे काय?" मी ओठ न हलवता विचारलं.

"कान," तो म्हणाला. "माझे दोन कमी पडतात."

मग करवंट्या भरता भरता मला तुकड्या-तुकड्यानं कळलं, की तो 'पत्र्याखालून' नावाचं पॉडकास्ट चालवतो. रेडिओ ज्यांना दारातूनच परत पाठवतो ती गाणी त्यात असतात. धक्क्यावरच्या पोरांची रॅप, म्हाताऱ्यांची फक्त कावा पितानाच निघणारी चावट गाणी, आणि वहीच्या मागच्या पानावर लिहिलेल्या कविता. ऑकलंड-सिडनीतली आमची माणसंसुद्धा ती ऐकतात. त्याचा नियम एकच, कुणाचं नाव सांगायचं नाही. नाव नाही तर बदनामी नाही.

"तुझ्या वहीच्या मागच्या पानावर आहे का काही?"

"माझ्या वहीला मागचं पान नाही."

"म्हणजे कविता पुढच्याच पानावर आहे."

माझ्या हातातला कावा चटईवर सांडला. आत्यानं लांबून भुवई उचलली, आणि मी पुढचा तासभर मान वर केली नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी वही घेऊन त्या शेडकडे गेले. घरी सांगितलं, वर्गातल्या एका मुलाच्या आजीला बघायला जाते. खोटं बोलायची सवय नव्हती. शेडच्या एका कोपऱ्यात त्यानं झाडाच्या सालीच्या कापडाचे जुने, फाटके पडदे टांगले होते, आवाज घुमू नये म्हणून. मला त्या पडद्यांच्या आत बसवलं आणि स्वतः उघड्या दाराशी उलट्या होडीवर जाऊन बसला, रस्त्यावरून जाणाऱ्याला तो एकटाच दिसावा म्हणून. हे त्याला मी सांगितलं नव्हतं. तिथेच मी अर्धी हरले.

पण त्या दिवशी पाऊस आला. पत्र्यावर असा कोसळला की बोललेलं आपलंच आपल्याला ऐकू येईना. रेकॉर्डिंग बंद. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. आम्ही आपले ओरडून बोलत बसलो. त्याच्या आईबद्दल, माझ्या वर्गातल्या चोराबद्दल, जो फक्त खडू चोरतो. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मी बोलता बोलता थांबायचे आणि तोही थांबायचा. गाडी पुढे गेली की तिथूनच पुढे सुरू.

"तू बोलायच्या आधी च्च करतेस," तो एकदा म्हणाला.

"च्च, काहीतरीच."

तो इतका हसला की होडीवरून घसरला. मलाही हसू आलं, आणि लगेच धडकी भरली. इतकं बरं वाटणं काही बरं नाही, असं वाटायला लागलं.

तिसऱ्या गुरुवारी पाऊस थांबला. पत्र्यावरून शेवटचे थेंब पडेपर्यंत आम्ही दोघं वाट बघत बसलो. मग त्यानं हेडफोन कानाला लावले, बोट वर केलं, आणि मी म्हटलं—

करवंटी घेताना तू खाली बघितलंस,
म्हणून मला तुझ्याकडे बघता आलं.
आता वर बघ ना.
वाढून झालं, माझे दोन्ही हात रिकामे आहेत.

त्यानं यंत्र बंद केलं, पण वर बघितलं नाही. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

"शेवटची ओळ..." तो म्हणाला. "ठेवू, का कापू?"

"ठेव."

बोलायचं होतं ते सगळं बोलून झालं होतं.

त्या कवितेचा भाग बुधवारी पॉडकास्टवर आला. शिक्षकांच्या खोलीत कुणी फोन कानाला लावला तरी मी वह्या उचलून बाहेर पडायचे. आमच्या चर्चच्या शाळेत असली बाई एक दिवस ठेवणार नाहीत, हे मला माहीत होतं. पण खरी भीती ती नव्हतीच. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं प्रेमपत्र कुणीतरी तिच्या भावासमोर मोठ्यानं वाचलं होतं. तो उठला, बाहेर गेला आणि थेट न्यूझीलंडला कामाला निघून गेला. अकरा वर्षं झाली, अजून घरी आलेला नाही. ती अजून त्याच्या वाटणीचं ताट झाकून ठेवते. केलेपीनं मला खांद्यावर बसवून नीरफणस पाडायला शिकवलं होतं. तो जर असा गेला तर मी काय करणार?

आणि शनिवारी संध्याकाळी केलेपी दारात उभा. बोटीचं इंजिन बिघडलं म्हणून दोन आठवडे आधीच परत आला होता.

रविवारी चर्च सुटल्यावर तो हॉलमध्ये कावा प्यायला गेला. आम्ही बायका घरी येऊन भुईतल्या भट्टीवरची माती काढत होतो, तेवढ्यात आत्या मागून आली. हॉलमध्ये आज गंमत झाली म्हणे. कुणीतरी फोनवर ते पत्र्याचं काय ते लावलं, त्यात एक बाई नको ते बोलत होती, आणि सगळे पुरुष विचारत होते की ही कुणाची कोण.

"कुणाची गं असेल?" आत्यानं मला विचारलं.

माझ्या हातातलं गरम पान खाली पडलं. मी म्हटलं, मला काय माहीत.

केलेपी परत आला. चर्चला जाताना पुरुष मानासाठी कमरेला गुंडाळतात ती चटई सोडून खुंटीला लावली, ताट घेतलं, ओट्यावर जाऊन एकटाच जेवला. माझ्याकडे बघितलं नाही. आता यावरून मी काय समजायचं? इतर मुलुखांत भाऊ गप्प झाला की बहिणीला कळतं, काहीतरी बिनसलंय. आमच्याकडे मोठा झालेला भाऊ बहिणीशी एरवीही कामापुरतंच बोलतो. त्याचं गप्प राहणं म्हणजे मानही असतो आणि रागही असतो, आणि दोन्ही दिसतात सारखेच. मी रात्रभर भिंतीपलीकडचा त्याचा श्वास ऐकत पडले होते. बॅग भरल्याचा आवाज येतो का, ते ऐकत होते.

सोमवारी शाळा सुटताच मी शेडकडे जवळजवळ पळत गेले. तो भाग काढून टाक म्हणून सांगायला. कविता नको, पॉडकास्ट नको, आणि... तोही नको, असं म्हणायचं ठरवलं होतं. पण सेमिसीचाच चेहरा उतरलेला होता. तोही काल त्या गोलात होता, म्हाताऱ्यांची गाणी टिपायला. कुणी फोन लावेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "आवाजातला सगळा कचरा साफ केला आणि तुझं सुरुवातीचं च्च तेवढं राहिलं. मला ते आवडतं ना... म्हणून बहुतेक हात चालला नाही."

मग त्यानं हेडफोन माझ्या हातात दिले. त्याचं यंत्र काल चालूच होतं.

मी पडद्यांच्या आत बसून ऐकलं. करवंट्यांचा आवाज, कुणाचं तरी खोकणं. मग फोनमधून माझं च्च. मग माझा आवाज. पुरुष हसले. एक म्हणाला, ओळखीचा वाटतो. दुसरा म्हणाला, माझ्या पोराच्या बाईंसारखा आहे. मग तोच म्हातारा चेष्टेनं म्हणाला, "ज्याची बहीण असेल त्यानं उठावं बाबा."

हसणं थांबलं. सगळे एकमेकांकडे बघत असणार. केलेपी उठला की संपलं, नाव न घेता सगळ्या गावाला माझं नाव कळणार. आणि उठायचं नाही म्हटलं तर बहिणीचं प्रेम कानांनी ऐकत बसायचं. ते पाप त्यानं जन्मात केलं नव्हतं. त्याच्या कमरेच्या चटईची सळसळ ऐकायला मी हेडफोन कानांवर दाबून धरले.

चटई सळसळली नाही.

माझ्या कवितेची तिसरी ओळ सुरू झाली, आणि तेवढ्यात कुणीतरी गायला लागलं. वेळ नाही काळ नाही, भसाड्या, फाटक्या आवाजात, गळा ताणून. बाकीचे हसले आणि मग एकेक करून त्याच्यामागे गायला लागले. माझी शेवटची ओळ त्या गाण्याखाली बुडून गेली. कुणालाच ऐकू आली नाही. त्यालाही नाही.

चर्चमध्ये नुसते ओठ हलवणाऱ्या त्या माणसाचा आवाज मला लहानपणापासून पाठ आहे.

मी हेडफोन काढले तेव्हा रडत होते. सेमिसी मात्र वैतागून सांगत होता, की तो बेसुरा कोण होता देव जाणे, कविता पार बुडवली त्यानं. वर कावा संपल्यावर तो बेसुरा फाटकाशी सेमिसीचीच वाट बघत थांबला होता.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, त्या बाईचं सुरुवातीचं च्च काप, घरचे लगेच ओळखतात. आणि म्हणाला, ज्याच्यासाठी म्हटलंय तो नुसता चोरून ऐकणारा असेल तर सगळंच काप. नसेल, तर शनिवारी घरच्यांसमोर रीतसर कावा घेऊन तिच्या दारात ये म्हणावं, सरळ पुढच्या दारानं."

"तो केलेपी," मी म्हटलं. "माझा भाऊ."

सेमिसी मटकन होडीवर बसला. एवढा मोठा, एवढंच तो म्हणाला, आणि हातानं दाखवलं केवढा. रडता रडता मला हसू फुटलं.

मग आम्ही दोघांनी मिळून ते च्च कापलं. म्हणजे त्यानं कापलं आणि मी बघितलं. त्यानं तेवढा तुकडा वेगळा ठेवून घेतला, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

"लेसिएली," तो म्हणाला. तोवर त्यानं कधी माझं नाव घेतलं नव्हतं. "शनिवारी येऊ?"

"भीती वाटत नाही?"

"वाटते ना. तुला?"

"खूप."

"मग येतो. दोघांनी मिळून घाबरू."

शनिवारी दुपारी तो आला. काकाला बरोबर घेऊन, काव्याची मुळं काखेत धरून, कमरेची चटई बेंबीच्या वर बांधून. त्या दिवशी त्यानं यंत्र घरी ठेवलं होतं. बाबा खाकरले आणि बसा म्हणाले. मी काठवटीमागे बसले. केलेपी उंबऱ्याशी जाळं शिवत बसला होता. तो हलेना. मी मनात म्हटलं, त्याचं मन बदललं. आता जाळं खाली ठेवेल आणि सेमिसीला बाहेर काढेल.

आत्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि गंभीरपणे विचारलं, "हिचा भाऊ कोणी आहे का इथे?"

केलेपीनं शेवटची गाठ मारली. दातानं दोरा तोडला. जाळ्याची नीट घडी केली, चपला हातात घेतल्या आणि उठला. माझ्याकडे अर्थातच बघितलं नाही. पण सेमिसीच्या मागून दाराबाहेर पडताना त्यानं जिभेनं हळूच एक च्च केलं.

आत्याला काही कळलं नाही. मी पहिली करवंटी भरली आणि पुढे धरली. सेमिसीनं ती दोन्ही हातांनी घेतली, आणि वर बघितलं.