केर्टूचा निकाल

माणसाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, जेव्हा सत्य आणि प्रेम यांतून एकाचीच निवड करावी लागते. केर्टूच्या आयुष्यात तो शनिवारी सकाळी, ओइवाच्या स्वयंपाकघरात आला. आणि त्या वेळी तिच्या तोंडात इतकी आंबट कॉफी होती, की दोन्हींच्या आधी तिला बेसिन हवं होतं.

सुरुवात लिफ्टमध्ये झाली. आमच्या टाम्परे शहरात लिफ्टपाशी शेजारी दिसला, तर सभ्य माणूस बुटाची नाडी बांधत बसतो आणि लिफ्ट जाऊ देतो. पण त्या संध्याकाळी बाहेर बर्फाळ पाऊस होता आणि केर्टूच्या बुटांना नाडीच नव्हती. ती आत शिरली. वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेला ओइवा एक खोकं कवटाळून उभा होता. खोक्याच्या वर फक्त डोळे दिसत होते... पापण्यांवर पाण्याचे थेंब, आणि नजर थेट तिच्याकडे. आमच्याकडे एवढ्यावर लोक लग्न ठरलं म्हणून घरी कळवून मोकळे होतात.

"एस्प्रेसोसाठी?" खोक्यावरचं कॉफीच्या ग्राइंडरचं चित्र बघत तिने विचारलं.

"हो. सगळ्यात साधा. म्हणजे... शिकाऊ लोकांचा."

"मला फार आवडते एस्प्रेसो. मी तोरिनोला राहिलेय ना, एस्प्रेसोच्या माहेरी!"

तोरिनोला ती राहिली होती हे खरं. तिथे ती रोज हॉट चॉकलेट प्यायची, हेही खरं. कुणी विचारलेलं नसताना बोलणं हा आमच्याकडे गुन्हा नाही, पण शिक्षा होते.

"मग तुम्हीच याची परीक्षा घ्या ना," ओइवा म्हणाला. "चांगला नसेल तर सोमवारपर्यंत परत देता येतो. तुम्ही सांगाल तसं."

शनिवारी केर्टू त्याच्या दारात उभी राहिली. बूट काढावे लागणार म्हणून नवे मोजे घातलेले. हातात कॉफीच्या बियांचं पाकीट – तिची आई जन्मभर घेत आलेली, तीच. पाहुण्याने कॉफी घेऊन जायची, ही आमची रीत.

ओइवाने पाकीट हातात घेतलं. क्षणभर त्याकडे बघितलं. "वा... मग हीच दळू या," असं म्हणून त्याने ओट्यावरचा आपला डबा उचलून फडताळात ठेवला.

ग्राइंडर सुरू झाला, घुरघुरला, कण्हला आणि बंद पडला.

"बारीक दळायला सांगितलं की अडकतोय," ओइवा पुटपुटला.

चाक फिरवून जाड दळलं, तर कॉफीयंत्राचं पाणी भुकटीतून सर्रकन निघून गेलं. कपात जे उतरलं त्याचा घोट घेऊन केर्टूने डोळे घट्ट मिटले. गप्प बसता आलं असतं. पण तोरिनो पणाला लागलं होतं.

"मोटर कमजोर आहे," ती म्हणाली. "दळणाऱ्या चकत्या बोथट. आणि या चाकाच्या खाचा बघा, किती लांब लांब... मधलं काही जमतच नाही." हे तिने आदल्या दिवशी मोबाइलवर बघितलं होतं.

"म्हणजे... परत करू?"

"वाईट वाटतंय. पण हो."

ओइवाने ग्राइंडरच्या डोक्यावरून हात फिरवला, कुत्र्याच्या डोक्यावरून फिरवावा तसा. ते केर्टूला बघवेना. नजर चुकवायला काहीतरी हवं, म्हणून तिने साखरेसाठी फडताळ उघडलं आणि भलताच डबा काढला. आत काळसर, तुकतुकीत बिया.

"या कसल्या?"

"एस्प्रेसोच्या." त्याचे कान लाल झाले. "गडद भाजलेल्या."

"आणि मी आणल्या त्या?"

ओइवा खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"नेहमीच्या, कागदातून गाळायच्या फिल्टर कॉफीच्या. फिकट भाजलेल्या असतात त्या, म्हणजे खडेच. स्वस्तातले ग्राइंडर त्यांना घाबरतात."

मानेपासून वर चढत जाणारी लाली केर्टूला स्वतःलाच जाणवली. बिचाऱ्या यंत्राला तिने खडे भरवले होते आणि वर त्याच्याच दातांना नावं ठेवली होती.

"मग बोलला का नाहीत?"

"पाहुण्याने आणलेली कॉफी बाजूला ठेवायची?" ओइवाला खरोखरच धक्का बसला होता.

"मी तोरिनोला..." ती मोज्यांकडे बघत म्हणाली, "हॉट चॉकलेट प्यायचे. बाकी काही नाही."

"कळलं होतं. पहिल्या घोटाला."

"तरी परत करू म्हणून विचारलंत?"

"हा परत दिला तर..." तो अडखळला. "दुसरा आणावा लागेल. त्याची परीक्षा घ्यायला कुणीतरी लागेलच ना!"

"आणि तोही वाईट निघाला तर?"

"दुकानात बरेच आहेत."

केर्टू हसली. मग लाज पुन्हा आठवली, तरी हसू थांबेना. "नको परत करूस," ती म्हणाली. 'तुम्ही'चा 'तू' कधी झाला, ते दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. "मी तशीही येईन."

मग ओइवाने आपल्या डब्यातल्या बिया दळल्या. ग्राइंडर शहाण्यासारखा चालला. दाट, तपकिरी धार उतरली आणि स्वयंपाकघरभर वास पसरला. तिने घोट घेतला. तो श्वास रोखून बघत राहिला... आता मात्र खोटं बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

"कडू," ती म्हणाली. "भयंकर कडू."

"हो ना?" ओइवाचा चेहरा उजळला. "मलाही नाही आवडत! सवय होईल म्हणून थांबलोय."

ते आता एकत्र राहतात आणि फिल्टर कॉफी पितात. ती दळलेलीही मिळते. ग्राइंडरमध्ये मिरी दळतात. मिरीसाठी तो चांगला आहे.