पुंजारामची मान

तुमाला पटावं म्हणून मी ह्ये सांगून न्हाई राह्यलो. ज्याला खोटं वाटंल त्यानं खुशाल खोटं म्हणावं. पण वाटूर-परतूर रोडवर माह्या जीपमधी बसलेल्या धा माणसांला इचारा... त्यातले चार तरी सांगतील, पुढच्या सीटवर माणूस बसलेला व्हता म्हणून.

आन त्या सीटवर कोणीच नसायचं.

लोकाला वाटतं असल्या गोष्टी रातीच्याच असत्यात. माह्यासंगं जे झालं ते भर दुपारी झालं. सूर्य डोक्यावर, डांबर तापलेलं, दोन्ही अंगाला माणसं वावरात काम करून राह्यलेली.

मी तातेराव. वाटूर फाट्यावरून परतूरला काळीपिवळी जीप चालवतो. चौथीपर्यंत शाळा, मंग म्हशी, मंग स्टेअरिंग. बावीस वर्षं झाली.

बावीस वर्षात ॲक्सिडंट लई पाह्यले. समोरासमोर ठोकली की स्टेअरिंग छातीत बसतं. बाजूनं कोणी घुसलं की बरगड्या आन कंबर. पलटी झाली की डोकं. उभ्या गाडीवर जाऊन आदळलं की गुडघे आन मान. फाट्यावर चहा पिताना मी ह्ये असं सांगायचो की जसा काही मीच डाक्टर. पोरं ऐकायची. मला बरं वाटायचं.

येवढं ठाऊक व्हतं मला. तरी...

बरं, सांगतो.

चार वर्षाखालची गोष्ट. महाशिवरात्रीच्या आदला दिवस. परतूरला सवाऱ्या सोडून मी रिकामाच माघारी चाललो व्हतो. वळणावर उसाची ट्रॉली उभी, टायर फुटलेली. ट्रॅक्टरवाला ट्रॉली तिथंच सोडून टायर घेऊन गेल्ता. मागं ना फांदी लावलेली ना लाल फडकं.

एक पांढरी कार तिच्या बुडात घुसलेली. कारच्या मागं एक मोटारसायकल आडवी.

मोटारसायकलवाला पोरगा रोडवर पडून बोंबलत व्हता. त्याचं नाव मिथुन, ते मंग कळलं. कपाळ फुटलेलं, तोंड पार रगतानं भरलेलं.

आन कारमधी पुंजाराम. स्टेअरिंगपाशी बराबर बसलेला. अंगावर ओरखडा न्हाई. डोळे उघडे.

"भाऊ, मला काढा," म्हणला.

आता आमच्याकडं एक गोष्ट समद्यांनी पक्की धरलेली हाय. ज्याचं रगत जास्त, त्याला जास्त लागलं. रगत न्हाई, म्हंजे वाचला. मी बी तेच धरलं. मिथुनला मागच्या सीटवर आडवा झोपवला, डोक्याला रुमाल बांधला. मागं तेवढीच एक लांब जागा व्हती.

पुंजारामला मी काखंत हात घालून बाहेर वढला. पोतं वढावं तसा. त्याचे पाय फरफटत आले. मला वाटलं, घाबरलाय. उचलला आन पुढच्या सीटवर बसवला. माह्या शेजारी.

गाडी परतूरकडं फिरवली.

मिथुन मागं "आई गं, आई गं" करत व्हता. तेवढ्यात शेजारून हळूच आवाज आला...

"भाऊ, माही मान धरा."

मी म्हणलं, "तुह्या हातानं धर की. मी स्टेअरिंग धरू का तुही मान?"

"हात उचलून न्हाई राह्यले भाऊ."

मला हसू आलं. आज सांगतो, खरंच हसलो मी. म्हणलं, "मागं बघ ते पोरगं, पार न्हाऊन निघालंय रगतात. आन तुला खरचटलं बी न्हाई. नाटकं नको करू."

मंग परत...

"मान धरा ना भाऊ."

मी धरली न्हाई.

पुढं शाळा लागते. शाळेपुढं ब्रेकर हाय, मोठा. जल्दी पोचायचं म्हणून मी गाडी हळू केली न्हाई. जीप उडाली, खाली आपटली. मागं मिथुन वरडला.

शेजारून काहीच आवाज आला न्हाई...

मी बघितलं. पुंजारामची मान छातीवर आल्ती. देवापुढं माणूस वाकवतो तशी. डोळे उघडेच व्हते.

सरकारी दवाखान्यात पोचलो. डाक्टर पोरगाच व्हता, नवीन. त्यानं पुंजारामच्या मानंला मागून बोटं लावून पाह्यली आन माह्याकडं बघितलं.

"बसवून आणलं?"

"दुसरी जागा नव्हती साहेब."

"बोलत होता का? हातपाय हलवत होता?"

इथं मी खरं सांगायला पाहिजे व्हतं. फक्त व्हय म्हणायचं व्हतं. पण त्या डाक्टरच्या तोंडाकडं बघून मला समजलं की मी काहीतरी करून बसलोय.

"न्हाई साहेब," म्हणलं. "पहिल्यापासून बेसुद."

डाक्टर म्हणला, "मानेचा मणका गेलाय. अशा माणसाला ओढून काढायचं नसतं. फळीवर सरळ झोपवायचं, मान दोन्ही बाजूंनी धरून ठेवायची. पण तुम्हाला काय माहीत. आणलंत हेच खूप."

दिवस मावळायच्या आत पुंजाराम गेला. मिथुनला सात टाके पडले, तिसऱ्या दिवशी घरी.

आणलं हेच खूप. मंग समदे तेच म्हणायला लागले. पंधरा ऑगस्टला पुंजारामच्या गावानं शाळेच्या मैदानात माहा सत्कार केला. टॉवेल, टोपी, नारळ. सरपंच माइकवर म्हणले, देवमाणूस हाय. मी खाली बघत बसलो. लोकाला वाटलं, साधा माणूस हाय, लाजून राह्यला.

कार्यक्रम झाल्यावर पुंजारामची बायको आली. वच्छलाबाई. डोक्यावर पदर, बारावीतल्या पोरीचा हात धरलेला.

"दादा, त्यांला तरास झाला का वो?"

"न्हाई ताई. झोपल्यावानी व्हते. काहीच कळलं न्हाई त्यांला."

तिनं डोळे मिटले. लई दिवसाचं वझं खाली ठिवल्यावानी.

"मला सख्खा भाऊ न्हाई," म्हणली. "आजपासून तुम्हीच."

त्या दिवाळीपासून दर भाऊबीजंला मी तिच्या दारी. ती ओवाळायची, मी पाटावर बसायचो. तिच्या हातची पुरणपोळी माह्या घशाखाली कशी उतरायची, ते माहं मला ठाऊक.

आता सीटचं सांगतो.

साळूबाई म्हणून एक म्हातारी हाय, भाजी विकती. रोजची सवारी. पुढची जागा तिचीच, दुसऱ्या कोणाला बसू देत न्हाई, भांडती. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी तिनं पुढचं दार उघडलं... थांबली... आन गुपचूप लावून घेतलं. पाटी घेऊन मागं गेली.

म्हणलं, "कामून मावशी? रुसली का माह्यावर?"

"माणूस बसलाय की तिथं."

"कोण माणूस?"

"मला काय इचारतो, गाडी तुही का माही? आन त्याला म्हण, मान वर घेऊन झोप बाबा. आवघडंल."

मागच्या सवाऱ्या हसल्या. म्हातारीला मोतीबिंदू झाला म्हणले.

मी सीटकडं बघितलं. रिकामी.

पण गाडी चालू झाल्यावर, ते वळण गेलं की... सीटची स्प्रिंग दबायची. कर्र. कोणीतरी जड माणूस बसल्यावानी. आन शाळेपुढचा ब्रेकर आला की एक श्वास ऐकू यायचा. आत घेतलेला. सोडलेला कधीच ऐकू यायचा न्हाई...

मंग दुसऱ्या सवाऱ्या बी तसंच करायला लागल्या. दार उघडायच्या, लावायच्या. "मागं बसतो, पुढं गर्दी हाय." एक मास्तर तर त्याला म्हणला बी, "सरका की पाव्हणं थोडं."

मी नारळ फोडला. लिंबू बांधलं. सीट खोलून नवी टाकली. काही फरक न्हाई. बायको म्हणली, गाडी इकून टाक. इकून काय व्हणार व्हतं. त्यो मला काही करतच नव्हता. ना दाबायचा, ना भेवडायचा. फक्त शेजारी बसायचा, मान खाली घालून.

आन कव्हा कव्हा, सवाऱ्यांचा कालवा थांबला की...

"मान धरा ना भाऊ."

एक डाव मी हात लावला बी. एका हातात स्टेअरिंग आन दुसरा तिकडं. हाताला काही लागलं न्हाई. नुसतं गार. मागच्या बाईनं इचारलं, "ओ ड्रायव्हर, काय चाचपून राह्यले?"

अशी दोन वर्षं काढली.

मागच्या साली भाऊबीज आली. दुपारी बारा वाजता मी वच्छलाबाईच्या दारात जीप लावली. तिची पोरगी प्रांजली जालन्याहून आल्ती. ती आता नर्सिंगला हाय. मी पाटावर बसलो. वच्छलाबाईनं ताट उचललं, आन दाराकडं बघून थांबली.

"दादा, गाडीत कोण हाय? त्यांला असं उन्हात कामून बसवलं?"

मी मागं वळून बघितलं न्हाई.

"कोणी न्हाई ताई."

"हाय की. पाठ दिसून राह्यली. प्रांजली, जाय बरं, आत बोलव त्यांला. सणाचं माणूस दारात उपाशी नको."

पोरगी गेली. दार उघडल्याचा आवाज आला... मंग लावल्याचा.

परत आली तव्हा तिचा रंग उतरलेला.

"गाडीत कोणी नाहीये आई."

वच्छलाबाई म्हणली, "मंग अशी का करून राह्यली?"

प्रांजली माह्याकडं बघत व्हती. म्हणली, "मामा, कोणीतरी मान धरा म्हणलं."

ताटातली वात हालली बी न्हाई.

"मामा, आम्हाला कॉलेजात शिकवलं. मानेचा मणका गेला तरी माणूस शुद्धीत असतो, बोलतो. हात उचलत नाहीत, पण बोलतो. बाबा बेशुद्ध होते ना?"

मी पाटावरून उठलो. त्या पाटावर बसून ते सांगायची माही लायकी नव्हती. खाली मातीत बसलो. आन समदं सांगितलं. वढून काढलेलं. हसलेलं. नाटकं नको करू म्हणलेलं. ब्रेकर. डाक्टर. समदं.

वच्छलाबाई रडली न्हाई. शिव्या दिल्या न्हाई. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"किती डाव म्हणले ते?" येवढंच इचारलं.

"दोन डाव."

तिनं ताट खाली ठिवलं. वात इझवली. चप्पल बी न घालता बाहेर गेली, आन जीपमधी बसली. पुढच्या सीटच्या बराबर मागं. दोन्ही हात पुढं काढले आन सीटच्या वर हवेत धरले... जशी एखाद्याची मान दोन्ही बाजूंनी धरावी तशी.

"चला," म्हणली. "दवाखान्यात. हळू चालवा."

मी इतकी हळू गाडी कव्हाच चालवली न्हाई. सायकलवाले पुढं गेले. वळण आलं. उसाच्या ट्रॉल्या त्या दिवशी बी जात व्हत्या. स्प्रिंग दबली... कर्र.

आरशात बघितलं. वच्छलाबाईचे हात थरथर कापून राह्यले व्हते. वझं धरलेले हात कापतात तसे. रिकामे हात तसे कापत न्हाईत.

शाळेपुढचा ब्रेकर आला. मी गाडी जवळजवळ उभीच केली. पुढचं चाक चढलं, उतरलं. मागचं चढलं, उतरलं.

श्वास ऐकू आला. आत घेतलेला...

आन सोडलेला.

वच्छलाबाई पुढं वाकली, कान सीटपाशी नेला. लई वेळ तशीच बसली. दोन-तीन डाव मान हलवली तिनं, आपण कोणाचं ऐकताना हलवतो तशी. मला इंजिनाच्या आवाजाशिवाय काही ऐकू आलं न्हाई.

दवाखान्याच्या गेटपाशी तिनं हात काढले. हळूच, निजलेलं लेकरू खाली ठिवल्यावानी. आन खाली उतरली.

मी इचारलं, "ताई, बोलले का ते?"

"बोलले."

"काय बोलले?"

तिनं पदर नीट केला. माह्याकडं बघितलं. तीन दिवाळ्या मला दादा म्हणलेली बाई.

"तुमच्यासंगं न्हाई बोलले ते," म्हणली. आन उन्हात अनवाणी बसस्टँडकडं चालत गेली.

त्या दिवसापासून सीट रिकामी हाय. साळूबाई परत पुढं बसती, परतूर येईस्तोवर तोंड बंद ठिवत न्हाई. कोणी दार उघडून थांबत न्हाई. बायको म्हणती, सुटलास.

मी मिथुनला जाऊन सांगितलं. डाक्टर बदलून गेल्ता, त्याला फोन करून सांगितलं. फाट्यावरच्या पोरांला सांगितलं, आता तुमाला सांगून राह्यलो. रगत दिसो नाहीतर न दिसो, ॲक्सिडंटमधलं माणूस दिसलं तर वढू नका. मान धरा. तो म्हणायच्या आधी धरा.

ह्या भाऊबीजंला बोलावणं आलं न्हाई. मी आंघोळ करून दुपारपर्यंत बसून राह्यलो, मंग गाडी काढली.

त्यो तिला काय बोलला असंल? माफ केलं म्हणला असंल, का कव्हाच करू नको म्हणला असंल? का दोघांचंच काही असंल, घरातलं, माह्याशी काही संबंध नसलेलं?

साळूबाई उतरून गेली की मी एकलाच माघारी येतो. ते वळण आलं की गाडी हळू करतो, शेजारच्या सीटकडं बघतो. म्हणतो, "पुंजाराम, बोल की बाबा एकदा."

इंजिन बंद करून बी बघितलं. पाच मिनटं. धा मिनटं.

त्यो बोलत न्हाई...