आण्णांची परतीची खेप

आमची हेलिकॉप्टरची तुकडी राखीव. म्हणजे पंगतीतल्या जादा ताटासारखी. कुणी आलं तर वाढायचं, नाहीतर झाकून ठेवायचं. हवाई दलातले दोस्त आम्हाला 'स्टेपनी' म्हणून चिडवायचे. पण एकाहत्तरच्या लढाईत पुढच्या तुकड्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा जखमींना उचलून आणलं ते याच स्टेपनीनं. एरवी यंत्र पुसायचं, तेल बघायचं आणि हुकमाची वाट बघत बसायचं. मी तिथला मेकॅनिक, मानसिंग. गाव वडूज; आमच्याकडे प्यायला पाणी नाही, पूर कुठला बघायला!

लढाईनंतरच्या एका पावसाळ्यात कृष्णा फुगली. आम्ही सामान भरून तयार बसलो, पण हुकूम आलाच नाही. आमचं हेलिकॉप्टर पुण्याकडच्या तळावरून तसूभर हललं नाही. हे माझ्याइतकं खात्रीनं कोण सांगणार? उभ्या यंत्राची पाती जखडायचे दोर मीच बांधले होते.

दिवाळीच्या रजेत हळद घ्यायला सांगलीला गेलो, तर भर बाजारात एकानं माझे पायच धरले. भूपाल त्याचं नाव, नदीकाठचा जैन शेतकरी.

"सायब, तुमी माझं घर राखलंसा. आता घरला चला."

"माणूस चुकलास गड्या," मी म्हणालो. पण ऐकेल तर शपथ.

घरी पोचलो तेव्हा जेवणाची घाई चालली होती. दिवस बुडाल्यावर त्यांच्यात जेवत नाहीत. भूपालच्या आईनं, पद्मावतीआक्कांनी, मला ओवाळलं. त्याची बायको राजमती, तिनं तान्हं पोर माझ्या पायावर घातलं.

"कळा सुरू हुत्या आन् मी छपरावर," ती म्हणाली. "तुमी हात दिलासा. मिरजेला दवाखान्यापाशी उतरवलंसा. मनगटावर भाजल्याचा डाग हाय न्हवं तुमच्या?"

डाग होता. सदऱ्याच्या लांब बाहीखाली.

मी तोंड उघडणार, तोच भूपालनं विचारलं, "आण्णांना कवा आणताय?"

आण्णा म्हणजे त्याचे वडील. सुनेबरोबर तेही हेलिकॉप्टरात चढले, पण मिरजेला उतरलेच नाहीत. 'पुढच्या खेपेला आणतो,' असं म्हणे मीच सांगितलं होतं.

"भावकी म्हणतीया, आण्णा वाहून गेलं. आईनं कुंकू पुसावं म्हणत्यात." भूपालचा आवाज खाली आला. "आमी म्हटलं, सायबांचा शब्द येऊ दे."

दारात भावकीतले म्हातारे येऊन उभे होते. आक्का माझ्याकडे बघत होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू.

आमचं हेलिकॉप्टर आलंच नव्हतं, हे खरं. मग हे पोर कसं जगलं?

"हायत," मी म्हणालो. "आण्णा हायत."

आक्कांनी पदरानं डोळे टिपले. "लय उपकार झालं, बाबा."

त्यांनी स्वतःच्या हातानं वाढलं. आईमाघारी इतक्या मायेनं मला कुणी जेवू घातलं नव्हतं. पण त्या बाईचं कुंकू आता माझ्या एका शब्दावर टिकून होतं.

रजा अर्धी टाकून तळावर परतलो. भर दुपार होती. दोर जागच्या जागी, गाठी माझ्याच. दार उघडून आत चढलो.

रजेवर जाताना बाकांचे सगळे पट्टे मी सोडून ठेवले होते.

कडेच्या बाकाचा पट्टा लावलेला होता.

बाकावर कुणी नव्हतं.

माझे हात आपोआप जोडले गेले. "आण्णा," मी म्हणालो, "आक्का वाट बघत्यात." मग पट्टा सोडवायला वाकलो आणि तसाच थांबलो.

झोपलेल्या माणसाच्या पोटावर असावा तसा तो रिकामा पट्टा सावकाश वर-खाली होत होता.