इसार दिलेलं घर

मिरजेच्या दवाखान्यांच्या गल्लीतला तो फ्लॅट एजंट परवीन शिकलगारने विक्रीला लावला होता. तिच्यासोबत हौसाबाई लोहार चपला काढून आत गेल्या, तसा घरसोबत्याने दिवा लावला. आताशा प्रत्येक नव्या इमारतीत हा भिंतीतला मेंदू असे. राहणाऱ्यांच्या सवयी शिकून तो घर सांभाळी.

हौसाबाईंचा धंदा साधा. एजंटकडे लागलेलं घर इसार देऊन अडवायचं, करारात 'मी अगर मी सुचवीन ती व्यक्ती' असं घालायचं आणि तोच करार चढ्या भावात गुंतवणूकदाराच्या हवाली करायचा. परवीनला सगळं ठाऊक होतं. तिची दलाली तिला मिळे. पण भाव उतरावा म्हणून मालकाला हौसाबाई नेहमी सांगत, मला स्वतःला राहायला हवंय. तोंडात बसलेलं ते वाक्य आज रिकाम्या घरापुढेही निघून गेलं.

घर लगेच कामाला लागलं. गुडघे दुखतात का, अंघोळीला पाणी कितपत कढत लागतं, पहाटे जाग कधी येते. एवढी चौकशी हौसाबाईंच्या सुनेनेही कधी केली नव्हती.

परवीन हसू दाबत म्हणाली, "सांगा ना मावशी, पाणी कढत की कोमट?"

"गप गं." हौसाबाई फरशीवरच बसल्या. "हे बघ बाबा, मी नाही राहणार. मुंबईचे शेठ घेणार, कुलूप घालणार आणि भाव चढला की विकणार."

बंद घरातल्या सोबत्याला निजवून टाकत. त्याचं शिकलेलं सगळं पुसलं जाई. घर म्हणालं, "शेठशी मला बोलू द्याल?"

शेठ बिथरले तर सकाळी दिलेला इसार बुडणार होता. तरी हौसाबाईंनी फोन लावला.

घराने गयावया केली नाही. दवाखान्यातल्या नर्सा भाड्याच्या जागेसाठी रोज दार वाजवतात, एवढंच सांगितलं. भाडं येईल, भिंतींना ओल धरणार नाही, भाव वाढायचा तो वाढेलच. शेठ थोडे घुटमळले आणि भाडेकरू ठेवायला हो म्हणाले.

हौसाबाईंचा जीव भांड्यात पडला. परवीन मात्र विचारात पडली होती. "मावशी, आता घरंच सौदे जुळवायला लागली. आपण काय करायचं?"

हौसाबाई चपला घालायला दाराकडे वळल्या, तेवढ्यात मागून घराने हळूच विचारलं, "मावशी, वरचंही घर विकायला निघालंय. तुम्ही इसार द्यायच्या आधी मी त्याच्याशी बोलून ठेवू का?"